खरेदीदाराच्या एजंटाचे कमिशन कोणी द्यावे?



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणी अशा विषयांवर लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे, पण तोही आमच्या गट ऑफिसातूनच आला. गेल्या दोन हंगामांत तीन-चार सभासदांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. मुलगा किंवा जावई अमेरिकेत नोकरीला. तिथे घर घ्यायचे चालले आहे. इकडून थोडीफार रक्कम पाठवायचा विचार आहे. आणि तिथला एजंट घर दाखवायच्या आधीच कागद पुढे करतो, की माझे कमिशन इतके टक्के, सही करा. एक सभासद म्हणाले, "साहेब, अजून घराचा उंबरा बघितला नाही अन् सही कशाची? फसवणूक तर नव्हं ही?"

फसवणूक नव्हे. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या संघटित एजंटांना तो नियमच लागू झाला आहे. खरेदीदाराला घर दाखवायला नेण्यापूर्वी लेखी करार झाला पाहिजे आणि त्यात कमिशनचा आकडा स्पष्ट हवा. हा नियम का आला, याची हकिकत मात्र ऐकण्यासारखी आहे. बाजार समितीत ज्यांनी माल नेला आहे त्यांना ती परकी वाटणार नाही.

आपल्याकडे तालुक्याच्या गावी जागेचे चार एजंट असले तर चौघांच्या चार वह्या. एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. अमेरिकेत एजंटांनी मिळून सामायिक यादी ठेवली. तिला एमएलएस म्हणतात. ज्याला घर विकायचे तो आपला एजंट नेमतो, तो एजंट घर यादीवर चढवतो, आणि भागातला कोणीही एजंट आपले गिऱ्हाईक तिथे आणू शकतो. व्यवस्था चांगली आहे. घर लवकर खपते. पण गिऱ्हाईक आणणाऱ्याला पैसे कोण देणार? तर विकणाराच. विकणारा आपल्या एजंटाला पाच ते सहा टक्के कबूल करी, आणि तो त्यातले साधारण निम्मे खरेदीदाराच्या एजंटाला देई. घर चार लाख डॉलरचे धरले आणि सहा टक्क्यांनी हिशेब केला तर कमिशन चोवीस हजार, म्हणजे दोघांना बारा-बारा हजार डॉलर. खरेदीदाराला सांगितले जाई, 'तुम्हाला आमचा काही खर्च नाही, सगळे विकणाराकडून येते.'

'फुकट' हा शब्द ऐकला की शेतकरी माणूस आधी पिशवी चाचपतो. तिथल्या लोकांनी मात्र बरीच वर्षे चाचपली नाही. पूर्वीच्या रीतीप्रमाणे गिऱ्हाईक आणणारा एजंटसुद्धा कायद्याने विकणाराचाच माणूस मानला जाई. त्यांच्या सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८३ साली या धंद्यावर अहवाल काढला. त्यात दिसून आले, की दहांपैकी सातांहून अधिक खरेदीदार त्या एजंटाला आपलाच माणूस समजत होते. म्हणजे 'साहेब, मी तीन लाख ऐंशी हजारांपर्यंत जाईन, पण त्यांना सांगू नका' असे ज्याच्या कानात सांगायचे, तो ते विकणाराला सांगायला बांधलेला! १९९० नंतरच्या काळात खरेदीदाराचे स्वतंत्र एजंट पुढे आले. ते कागदावर खरेदीदाराचे झाले, पण पैशाची वाट बदलली नाही. यादीवर घर चढवायचे तर खरेदीदाराच्या एजंटाला अमुक इतके देऊ, असे विकणाराच्या बाजूने जाहीर करणे एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने बंधनकारक ठेवले होते.

'जाहीर' म्हटले खरे, पण तो आकडा बरीच वर्षे एजंटांनाच दिसे, खरेदीदाराला नाही. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली गोम लगेच कळेल. एका घरावर तीन टक्के मिळतात, शेजारच्या तसल्याच घरावर एकच टक्का. एजंट गाडी कुठल्या दारात उभी करील? सगळे एजंट असे वागत होते असे आम्ही म्हणत नाही. पण विकणाराला भीती होती, की आपण कमी देऊ केले तर आपल्या दारात गिऱ्हाईकच येणार नाही. त्या भीतीपोटी दर वर्षानुवर्षे हलला नाही. घरांच्या किमती दुप्पट-तिप्पट झाल्या, यादी हातातल्या फोनवर आली, शोधायचे निम्मे काम खरेदीदार स्वतः करू लागला, तरी टक्का जवळपास तिथेच.

शेवटी विकणारेच कोर्टात गेले. मिसुरी राज्यातील घरे विकलेल्या लोकांनी २०१९ साली दावा लावला. त्यांचे म्हणणे साधे होते : समोरच्या माणसाचा वकील आम्ही का पोसायचा? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि नुकसानीचा आकडा काढला सुमारे १७८ कोटी डॉलर. त्या देशातील मक्तेदारीविरोधी कायद्यात हा आकडा तिप्पट होऊ शकतो. संघटनेने १५ मार्च २०२४ रोजी तडजोड जाहीर केली. चूक मान्य केली नाही, पण ४१ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि दोन नियम बदलले. एक, यादीवर खरेदीदाराच्या एजंटाचे कमिशन छापायचे नाही. दुसरा तो लेखी कराराचा, ज्यावरून आमच्या सभासदांना धास्ती वाटली. करारात जो आकडा लिहिला त्याहून जास्त त्या एजंटाने कुठूनही घ्यायचे नाही, विकणाराने वर काही देऊ केले तरीही नाही, असेही ठरले. आमच्या मते सगळ्या तडजोडीतले हे सर्वांत मोलाचे वाक्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने तिला अंतिम मान्यता दिली.

आता मुळातला प्रश्न. हे कमिशन खरोखर कोण देत होते, विकणारा की घेणारा?

चार लाखांच्या घराचाच हिशेब पुढे नेऊ. जुन्या रीतीने घेणारा चार लाख मोजतो, त्यातले चोवीस हजार दोन एजंटांना जातात आणि विकणाराच्या हाती तीन लाख शहात्तर हजार उरतात. आता समजा, घेणारा आपल्या एजंटाचे बारा हजार स्वतः देतो आणि त्यामुळे घराची किंमत तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर ठरते. विकणारा त्यावर आपल्या एजंटाला तीन टक्के म्हणजे ११,६४० देतो. हाती उरतात ३,७६,३६०. घेणाऱ्याचा एकूण खर्च पुन्हा चार लाखच. म्हणजे किंमत पूर्णपणे जुळवून घेतली तर एका खिशातून काढले काय आणि दुसऱ्यातून काढले काय, बेरीज तीच. पैसे येतात ते घेणाऱ्याच्या हातून आणि कमी होतात ते विकणाराच्या पदरातून. 'सगळे विकणारा देतो' हे जितके अर्धसत्य, तितकेच 'सगळे घेणाराच देतो' हेही.

पण एवढ्यावर हिशेब मिटवला तर तो कागदावरचा हिशेब होतो. आमचा अनुभव असा, की शेतकऱ्याचे नुकसान रकमेपेक्षा रोकडीच्या वेळेने जास्त होते. ज्याच्याकडे लागणीच्या वेळी खताला पैसे नाहीत, त्याला 'वर्षाअखेर बिल येणारच आहे' हे सांगून काय उपयोग? अमेरिकेतही तेच. पहिले घर घेणारे जोडपे समजा पाच टक्के स्वतःचे घालते आणि बाकीचे कर्ज काढते. जुन्या रीतीने चार लाखांवर वीस हजार रोख लागत. नव्या रीतीने तीन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांवर १९,४०० आणि वर एजंटाचे बारा हजार, मिळून ३१,४०० रोख, कारण एजंटाचे कमिशन बँक सहसा कर्जात धरत नाही. घर तेच, एकूण खर्च तोच, पण दाराशी उभे राहायला ११,४०० डॉलर जास्त हवेत. ज्याच्या गाठीला आहेत तो आत जातो. ज्याच्या नाहीत तो एजंटाशिवाय जातो आणि समोर विकणाराचा कसलेला एजंट बसलेला असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या रीतीत तेच ११,४०० डॉलर किमतीत मिसळून कर्जात जात. तीस वर्षांच्या मुदतीने आणि साडेसहा टक्के व्याजाने त्यांची फेड जवळजवळ २६ हजारांची होते. सोसायटीच्या कर्जाचे व्याज भरून ज्यांची कंबर मोडली आहे, त्यांना हे वेगळे समजावायला नको.

त्या देशात माजी सैनिकांसाठी सरकारच्या हमीचे गृहकर्ज आहे. त्यात तर नियमच होता, की सैनिकाकडून एजंटाचे कमिशन घ्यायचे नाही. नियम त्याच्या भल्यासाठी केलेला. पण विकणारा द्यायला तयार नसेल तर या गड्याला एजंटच मिळेना! ऑगस्ट २०२४ मध्ये तो नियम तात्पुरता सैल करावा लागला. आपल्या भागात घरटी फौजी आहेत. सैनिकाच्या भल्याचे नियम कधीकधी त्यालाच कसे अडवतात, ते त्यांनी पेन्शनच्या खिडकीवर पाहिलेच असेल. असो.

आता आपल्या बाजार समितीकडे येऊ, कारण हाच वाद आपण उलट्या बाजूने भांडलो आहोत. पूर्वी फळे-भाजीपाल्याच्या पट्टीत हमाली, तोलाई यांच्याबरोबर अडत शेतकऱ्याच्या रकमेतून कापली जाई. डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी ती खरेदीदाराकडून घ्यावी असा आदेश काढला. त्याला लगेच स्थगिती मिळाली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि अडत खरेदीदाराच्या माथी टाकली. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, मुंबईत भाजीचे भाव चढले, नंतर व्यवहार सुरळीत झाले.

एक सभासद आम्हाला म्हणाले, की "तुमच्या अमेरिकेच्या हिशेबानं अडत शेतकऱ्यानंच द्यायला पाहिजे, अडत्या त्याचा माणूस ना?" शंका रास्त आहे. कागदोपत्री अडत्या हा माल विकणाराचा, म्हणजे शेतकऱ्याचा मध्यस्थ. प्रत्येकाने आपापल्या माणसाचे पैसे द्यावेत असे म्हटले, तर २०१६ चा निर्णय उलटा पडतो. पण अडत्या नेमके काय करतो ते बघा. तो शेतकऱ्याला पट्टी देतो आणि खरेदीदाराला माल उधारीवर सोडतो. वसुलीची जोखीम उचलतो, म्हणजे खरेदीदाराची सोय करतो. रोज त्याच्यासमोर उभे असतात ते तेच पंचवीस खरेदीदार. शेतकरी महिन्यातून एकदा टेम्पो घेऊन येणार. त्याचे मन कुणीकडे असेल? काम ज्याचे होते त्याने पैसे द्यावेत, असे म्हटले तर अडतीचा बोजा खरेदीदाराकडे जाणे अन्यायाचे ठरत नाही. खरेदीदार बोली थोडी उतरवून तो भरून काढतो, असे व्यापारी म्हणतात, आणि आमच्या मते त्यात काही अंशी तथ्य आहे. तरीही शेतकऱ्याचा एक फायदा झालाच : लिलावात जो भाव पुकारला त्यातून अडत वजा करत बसायचे कारण उरले नाही. भाव उघड झाला की दुसऱ्या बाजाराशी तुलना करता येते.

दुसरा दाखला घरचाच आहे. या अंकात लिहिल्याबद्दल काही भुवया वर जातील, पण लिहितो. ऊसतोडणीच्या मुकादमाचे कमिशन साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्या करारात ठरते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा मुकादमाच्या कमिशनातही एक टक्क्याची भर पडली. ते कारखाना देतो. पण एफआरपी ही कारखान्याच्या काट्यावर पोहोचलेल्या उसाची किंमत असल्याने तोडणी-वाहतूक बिलातून वजा होते. म्हणजे पैसे सभासदाचे, चेक कारखान्याचा आणि दर ठरतो तिसरीकडे. मग मुकादम कोणाचे ऐकतो? ज्याने उचल दिली त्याचे. तुमचा ऊस बारा महिन्यांवरून चौदा महिन्यांवर गेला, तुऱ्याने वजन घटू लागले, तरी तुमच्या शब्दाला तो बांधलेला नाही. म्हणून तर काही ठिकाणी फडात वर 'खुशाली' मागितली जाते आणि सभासद मुकाट देतो. ती देऊ नका, आमच्याकडे लेखी तक्रार करा, हे आम्ही पुन्हा एकदा येथे नमूद करतो. पण खुशाली मागायची हिंमत येते कुठून? ज्याचे पैसे त्याच्या हाती दर नाही, यातून.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपण म्हणतो. पण पोळी कोणाच्या तव्यावरची, यापेक्षा ती वाढतो कोण, हे खाणारा जास्त पाहतो. म्हणून आमचे मत असे, की खरेदीदाराच्या एजंटाचे कमिशन किती, हे खरेदीदारानेच ठरवावे आणि ते त्याच्याच नावे कागदावर यावे. प्रत्यक्ष रक्कम घेणाऱ्याच्या खिशातून गेली, का किमतीतून विकणाराच्या हाताने गेली, हा त्यानंतरचा, सोयीचा प्रश्न आहे. रोकड कमी असेल तर विकणाराकडून ती मागावी. अमेरिकेत तशी मुभा आहे. यादीवर छापायला बंदी आहे, बोलणी करून घ्यायला नाही. दर एकाने ठरवायचा आणि बोजा दुसऱ्याच्या पदरात टाकायचा, एवढेच तोडले पाहिजे. २०२४ च्या तडजोडीने ते काही प्रमाणात तोडले आहे. त्यानंतर कमिशन कोसळेल अशी भाकिते होती. ती फारशी खरी ठरली नाहीत. खरेदीदाराच्या एजंटाचा दर अडीच टक्क्यांच्या आसपासच राहिला आणि बऱ्याच व्यवहारांत अजूनही विकणाराच देतो. नियम बदलला तरी सवय एका हंगामात बदलत नाही. ठिबक आल्यावरही पाटाने पाणी सोडणारे आपल्याकडे किती वर्षे होते!

जर्मनीचा मार्गही ध्यानात घेण्यासारखा आहे. तिथे बर्लिनसारख्या शहरात एजंट विकणाराने बोलवायचा आणि करासह ७.१४ टक्के घेणाऱ्याने भरायचे, अशी रीत होती. २३ डिसेंबर २०२० पासून कायदा झाला, की राहत्या घराच्या विक्रीत विकणाराने एजंट बोलावला असेल तर घेणाऱ्यावर निम्म्याहून जास्त टाकता येणार नाही, आणि विकणाराने आपला वाटा भरल्याचे दिसल्याशिवाय घेणाऱ्याकडे मागायचे नाही. भाड्याच्या घरांसाठी तर २०१५ पासूनच 'जो बोलावील तो देईल' असा सरळ नियम आहे.

तेव्हा ज्यांच्या मुलांपुढे तो कागद आला आहे त्यांनी घाबरू नये, पण मुलांना कागद वाचायला सांगावे. टक्केवारी छापील दिसली तरी ती ठरलेली नसते, कमी करून मागता येते. टक्क्यांऐवजी ठोक रक्कमही ठरवता येते, आणि आम्हाला तीच बरी वाटते, कारण टक्क्यावर काम करणाऱ्याला किंमत चढलेली चालते. कराराची मुदत किती, हे पाहावे. एका दिवसाच्या घर-पाहणीसाठी सहा महिने बांधून घेऊ नये. आणि तोच एजंट विकणाराचाही निघाला तर काय, हे सहीआधी विचारावे.

राहता राहिले पुण्याचे. आपले जास्त सभासद अमेरिकेत नव्हे, पुण्याच्या आसपास मुलासाठी फ्लॅट बघत आहेत. नव्या इमारतीत जो एजंट गाडीत बसवून साइट दाखवतो, चहा पाजतो आणि 'तुमच्याकडून एक रुपया नको' म्हणतो, त्याला पैसे बिल्डर देतो. त्याची माहिती बिल्डरच्या बाजूची समजून ऐकावी. अशा प्रकल्पांत काम करणाऱ्या एजंटाला रेरा कायद्याखाली महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षेचीही अट आली आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागावा. संकेतस्थळावर तो पडताळता येतो. मात्र कमिशन किती असावे हे रेरा ठरवत नाही. जुन्या फ्लॅटच्या आणि गावाकडच्या गुंठ्यांच्या व्यवहारात एकच माणूस बहुधा दोन्हीकडून एक-दोन टक्के घेतो. तसे असेल तर इसार देण्यापूर्वी त्याला दोघांसमोर बसवून, कोणाकडून किती घेणार, ते साध्या कागदावर लिहून घ्यावे आणि रक्कम इसाराच्या दिवशी न देता खरेदीखताच्या दिवशी, पावती घेऊनच द्यावी.

— ऊस विकास अधिकारी